‘घंटाघर’ हा खेळ, राहते घर आणि इतर मालमत्ता यांबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा संगणक-दुरुस्ती (निवृत्त, पण गल्लीला ते मान्य नाही), हे मृत्युपत्र माझ्याच जेवणाच्या टेबलापाशी बसून, सकाळी साडेदहाला, चष्मा पुसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यापूर्वी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत पोचले आणि वर त्यांच्या संगणकाचा पंखा का घरघरतो तेही सांगितले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकण्याची ताकद असलेली एकच व्यक्ती या घरात आहे, आणि ती आतल्या खोलीत रेडिओ ऐकत आहे.

मला कसलाही आजार नाही. मग हे आत्ताच का, असे वकीलबाईंनी विचारले. त्याचे उत्तर कलम २ मध्ये आहे.

कलम १. माझे राहते घर, म्हणजे आतल्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची दुकानाची खोली, हे सर्व मी माझ्या नणंदेला, म्हणजे माझ्या दिवंगत यजमानांच्या थोरल्या बहिणीला देत आहे. यापुढे त्यांना मी वन्सं म्हणेन, कारण गेली चव्वेचाळीस वर्षे तेच म्हणत आले आहे. वन्सं अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांनी बत्तीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून दिले. लग्न केले नाही. “दिवसभर जगाचं ऐकून घेतल्यावर घरी येऊन आणखी एकाचं कोण ऐकणार?” असे त्या म्हणत. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्या इथे होत्या. बारा वर्षांपूर्वी यजमान गेले आणि आम्ही दोघीच उरलो. पंख्याचा वेग किती असावा यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. बँकेत जे काही शिल्लक असेल तेही वन्संच्या औषधपाण्यासाठी.

कलम २. यजमानांचे चुलत भाऊ, म्हणजे माझे चुलत दीर, यांना मी माझी पाच मीटरची मोजपट्टी देत आहे. चौदा महिन्यांपूर्वी वन्संना अर्धांगाचा झटका आला. आम्ही दवाखान्यात असताना चुलत दीर चौकशीला म्हणून घरी आले, शेजारणीकडून किल्ली घेतली आणि बाहेरची खोली पावलांनी मोजून गेले. पावलांचे माप खरे नसते. पुढच्या वेळी नीट मोजावे. मृत्युपत्र नसले की असे दावे कोर्टात किती वर्षे लोंबकळतात ते वकीलबाईंनी मला सांगितले आहे, म्हणून स्पष्ट लिहिते: मोजपट्टीखेरीज त्यांचा या घरातल्या कशावरही हक्क राहणार नाही.

कलम ३. सोल्डरिंगचे सामान, स्क्रूड्रायव्हरचे दोन डबे, मीटर आणि भिंग हे सर्व मुलींच्या तंत्रशाळेला द्यावे. अट एकच. ते काचेच्या कपाटात मांडून ठेवू नये. हत्यार हरवले तर चालेल, गंजलेले चालणार नाही.

कलम ४. ‘घंटाघर’ नावाचा संगणकावरचा खेळ. याचे निम्मे हक्क माझे आहेत आणि निम्मे माझ्या पूर्वीच्या भागीदारांचे. हे वाक्य लिहायला मला एकतीस वर्षे लागली.

तेव्हा दुकान आम्हा दोघांचे होते. यंत्रे मी उघडायची, प्रोग्राम त्यांनी लिहायचे, तेही रस्त्यापलीकडच्या आपल्या घरी बसून, कारण माझ्या दुकानात रेडिओ चाले. फावल्या वेळात आम्ही मराठीत एक खेळ केला. चित्रे नाहीत, नुसता मजकूर. पडद्यावर खोलीचे वर्णन येते आणि खेळणाऱ्याने दोन शब्दांत हुकूम द्यायचा: ‘दिवा घे’, ‘खिडकी उघड’, ‘जिना चढ’. बंद पडलेल्या घंटाघराच्या तळघरातून निघायचे, अकरा मजले चढायचे आणि वरची घंटा वाजवून झोपलेल्या गावाला जागे करायचे. वर्णने माझी, आतली यंत्रणा त्यांची. मराठी अक्षरे तेव्हा आमच्या संगणकाला येत नसत. ती भागीदारांनी टिंबाला टिंब जोडून स्वतः काढली. शिवाय कोणी फुकट नकला करू नयेत म्हणून दाराशी पहारा बसवला. खेळ सुरू होताना सोबतच्या छापील पुस्तिकेतल्या अमुक पानावरचा अमुक शब्द विचारायचा. तो आला नाही की खेळ बंद.

एकशे चाळीस प्रती गेल्या. त्र्याण्णव परत आल्या. शेवटच्या खोलीत कोणालाच घंटा वाजवता येईना. वर्णनात लिहिले होते, ‘छतातून एक दोर लोंबतो आहे.’ लोक ‘दोर ओढ’ म्हणत आणि खेळ उत्तर देई, ‘असे काही इथे नाही.’ पहिली तक्रार वन्संचीच होती. त्या चार दिवस त्या खोलीत अडकून बसल्या होत्या.

मी भागीदारांना फोन केला. “तुमच्या प्रोग्राममध्ये खोट आहे.”

“माझ्या यंत्रावर घंटा वाजते,” ते म्हणाले. “येऊन बघा.”

“मी का येऊ? तुम्ही इकडे येऊन बघा.”

रस्ता अठरा फुटांचा. कोणीच ओलांडला नाही. भागीदारी मोडली. त्यांनी समोरच दुकान थाटले. मी नवी पाटी लावली: ‘येथे सर्व प्रकारची दुरुस्ती होते’. पंधरा दिवसांत त्यांनी लावली: ‘येथे केलेली दुरुस्ती टिकते’. त्या दिवशी मी परत आलेल्या सगळ्या पुस्तिका रागाच्या भरात रद्दीत घातल्या. यजमान गेले तेव्हा भागीदार दाराशी येऊन उभे राहिले, त्यांनी मान हलवली, मी मान हलवली. एकतीस वर्षांतला आमचा संवाद एवढाच.

कलम ५. दुकानाच्या खोलीतला लॅपटॉप, त्यातील सर्व मजकुरासह, वन्संना. त्यात काय आहे आणि ते कसे आले हे लिहून ठेवणे गरजेचे आहे, कारण नाहीतर कोणीतरी ‘जुने काहीतरी’ म्हणून पुसून टाकेल.

झटक्यानंतर वन्संचा उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. समजत सगळे होते. पण हवा तो शब्द येत नसे, त्याच्या शेजारचा येई. चमचा हवा असला की ‘वाटी’, पंखा लावायचा असला की ‘वारा’. लोक दुरुस्त करत. मीही करत असे. हळूहळू त्यांनी बोलणेच सोडले. जिने बत्तीस वर्षे सगळ्या शहराला बोलते ठेवले ती बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. पंखा मी आता हव्या त्या वेगाने लावू शकत होते, आणि मला तो लावावासाच वाटेना.

वाचा-उपचार करणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येत. त्या चित्रांची कार्डे दाखवत: सफरचंद, बस, छत्री. वन्सं डोळे मिटून घेत.

“त्यांना हे पोरकट वाटतंय,” बाई मला बाहेर येऊन म्हणाल्या. “दोन-दोन शब्द जोडावे लागतील असं काही नाही का? त्यांच्या आवडीचं?”

मी माळ्यावर चढले.

पाच फ्लॉपी सापडल्या. पाचांवरही बुरशी. कापसाने पुसून, जुनी ड्राइव्ह खोलून, त्या एकेक करून वाचल्या. प्रत्येकीचा वेगळा तुकडा खराब होता, हे नशीब. पाचांतले चांगले तुकडे जोडून नऊ दिवसांत एक धड प्रत तयार झाली. ती लॅपटॉपमध्ये घातली. लॅपटॉप म्हणाला, ‘हा प्रोग्राम आपल्या संगणकावर चालू शकत नाही’, आणि खाली बटण एकच: ‘बंद करा’. इतके तुसडे उत्तर मी चुलत दिरांकडूनही ऐकले नव्हते.

नव्या यंत्रात बसून जुन्या यंत्राचे सोंग वठवणारा एक प्रोग्राम मिळतो. तो घातला. खेळ उघडला, पण मराठीच्या जागी नुसते कंस, टोप्या आणि उलटी प्रश्नचिन्हे. भागीदारांनी काढलेली अक्षरे वेगळ्या फाइलीत होती. ती आधी चढवावी लागते हे मी साफ विसरले होते. ती चढवली. मग मजकूर असा पळू लागला की डोळ्याला नुसती पांढरी रेघ दिसे. आमचा खेळ यंत्राच्या ठोक्यावर चाले, आणि आजची यंत्रे तेव्हाच्या कैक पटींनी धावतात. वेग खाली आणत आणत मी आमच्या जुन्या यंत्राच्याही खाली नेला, वन्संना झेपेल इथपर्यंत. अखेर पडदा शांत झाला आणि त्यावर स्वच्छ मराठीत आले:

‘पुस्तिका. पान ९, ओळ ४, शब्द २?’

माझ्या माहितीत उरलेली एकुलती एक पुस्तिका समोरच्या दुकानात होती. पहारा फोडता येतो का ते मी तीन दिवस पाहिले. मी यंत्रे उघडणारी बाई. त्यांच्या प्रोग्रामपुढे हात टेकले. चौथ्या दिवशी दुपारी चारला फोन उचलला.

“पान नऊ, ओळ चार, शब्द दोन,” मी म्हटले. ना नमस्कार ना चमत्कार.

पलीकडून पाने उलटल्याचा आवाज.

“‘वाळवी’,” भागीदार म्हणाले आणि फोन ठेवला.

दार उघडले. वाचा-उपचार बाईंनी नियम घालून दिला. मी वर्णन मोठ्याने वाचायचे, वन्संनी हुकूम सांगायचा आणि मी तो जसाच्या तसा टाईप करायचा. “चुकला तरी दुरुस्त करायचा नाही,” बाईंनी मला बजावले. “काय चुकलं ते खेळाला सांगू दे.” जन्मभर दुरुस्ती केलेल्या माणसाला याहून मोठा जाच नाही.

तळघरात दिवा होता. वन्संनी पाऊण तास घेतला. “काडी... घे,” त्या म्हणाल्या. मी तेच टाईप केले. ‘असे काही इथे नाही,’ खेळ म्हणाला. एक्स्चेंजमध्ये उद्धट गिऱ्हाईक भेटले की त्या ज्या नजरेने पाहत, त्या नजरेने त्यांनी लॅपटॉपकडे पाहिले.

“दिवा,” त्या म्हणाल्या. “दिवा घे!”

‘दिवा घेतला’, असे आले. ते वाचताना माझा आवाज घोगरा झाला, म्हणून त्या मला हसल्या. चार महिन्यांनी.

त्यानंतर रोज दुपारी चारला फोन. ‘कोळसा’. खट्. ‘तरीही’. खट्. ‘अंगणात’. खट्. अकराव्या दिवशी भागीदार म्हणाले, “‘शिडी’,” आणि फोन ठेवला नाही.

“खेळतंय कोण?”

“वन्सं.”

“त्यांना बोलता येत नाही असं ऐकलं.”

“येईल. म्हणून तर चाललंय.”

पाच मिनिटांनी ते दारात उभे होते, हातात पुस्तिका. मी घ्यायला हात पुढे केला.

“देणार नाही,” ते म्हणाले. “माझी आहे. रोज घेऊन येईन आणि परत घेऊन जाईन.”

कलम ६. कबुली. हे कलम भागीदारांच्या समक्ष, मोठ्याने वाचावे.

खेळ सुरू केल्यापासून पाचव्या महिन्यात वन्सं अकराव्या मजल्यावर पोचल्या. तोवर त्या ‘पायरी मोज’, ‘उंदीर हाकल’ असे हुकूम एका दमात देऊ लागल्या होत्या आणि घरातही कधीमधी ‘खिडकी लाव’ म्हणत होत्या. मी शेवटच्या खोलीचे वर्णन वाचले: ‘छतातून एक दोर लोंबतो आहे.’ भागीदारांनी पुस्तिकेत तोंड खुपसले. पुढे काय होणार ते आम्हा दोघांनाही ठाऊक होते. इतके महिने चढवून बाईला इथे आणून आपटायचे! लॅपटॉप बिघडल्याचे सोंग करावे, असेही माझ्या मनात आले. ‘दोर’ हा शब्द वन्संना सापडेना. शेजारचा सापडला.

“चऱ्हाट,” त्या म्हणाल्या. “चऱ्हाट ओढ.”

माझे बोट ‘द’वर गेले होते. ते मी मागे घेतले आणि नियमाप्रमाणे त्यांनी म्हटले तेच टाईप केले.

घंटा वाजली. लॅपटॉपच्या एवढ्याशा कर्ण्यातून, पत्र्यावर चमचा आपटावा तशी, पण अकरा टोले. मग मीच लिहिलेल्या आणि पडद्यावर कधीच न पाहिलेल्या ओळी येऊ लागल्या, त्या मी वाचत गेले: ‘एक खिडकी उघडली. मग दुसरी. मग सगळ्या. खालून कोणीतरी ओरडले, वर कोण आहे?’

“मी!” वन्सं ओरडल्या. शेजारीण धावत आली.

भागीदार ताडकन उभे राहिले. “सांगत नव्हतो मी? माझ्या यंत्रावर वाजते!”

मला तेव्हा सगळे आठवले. मूळ वर्णनात मीच ‘चऱ्हाट’ लिहिले होते, आणि त्यांनी ते यंत्रणेत तसेच बसवले. पण त्यांनी काढलेले ‘ऱ्हा’ हे अक्षर पडद्यावर चिरडलेल्या झुरळासारखे दिसे. प्रती काढायच्या आदल्या दिवशी मी वर्णनात ‘चऱ्हाट’ खोडून ‘दोर’ केले. एका शब्दाने काय होते, म्हणून त्यांना सांगितले नाही. त्यांना हुकूम पाठ होते; ते वर्णन वाचायचे कष्ट न घेता ‘चऱ्हाट ओढ’ टाईप करत, आणि त्यांच्या यंत्रावर घंटा वाजे. तेव्हा त्र्याण्णव प्रती, एक भागीदारी आणि एकतीस वर्षे यांचा दोष संपूर्णपणे माझा आहे. हे मी त्यांना तिथेच, वन्संच्या देखत सांगितले.

ते खाली बसले. पुस्तिका मिटली, उघडली, पुन्हा मिटली. आता जातात घरी, असे मला वाटले.

“ते अक्षर खरंच फार वाईट काढलं होतं मी,” ते म्हणाले.

कलम ७. वरील कारणास्तव ‘घंटाघर’मधला माझा निम्मा हिस्सा मी वन्संना देत आहे, आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणी भागीदारांनी करावी. खेळाबाबत माझ्या इच्छा अशा. तो कोणालाही फुकट द्यावा. ‘दोर’ आणि ‘चऱ्हाट’ दोन्ही शब्द चालावेत. ‘ऱ्हा’ त्यांनी नव्याने काढले आहे आणि ते आता देखणे आहे, त्याला हात लावू नये. वेग खेळणाऱ्याच्या हातात असावा. सगळ्यांना घाई नसते. दर काही वर्षांनी नवे यंत्र येईल आणि म्हणेल, ‘चालू शकत नाही’. तेव्हा बंद करा हे बटण न दाबता कोणीतरी शर्टाच्या बाह्या सारून बसावे. ज्या सत्तेचाळीस जणांनी आपली प्रत परत केली नाही, ते कदाचित अजून वरच्या खोलीत उभे असतील. त्यांतले सापडतील तेवढ्यांना एका ओळीचे पत्र टाकावे: चऱ्हाट.

पहाऱ्याबद्दल. भागीदार म्हणाले होते, “आता तो कशाला? काढून टाकतो.”

“नको,” वन्सं म्हणाल्या.

“का?”

त्यांनी शब्द शोधला. “चार... वाजता.”

तेव्हा इतरांच्या प्रतींतून पहारा काढावा. या घरातल्या प्रतीत तो राहावा, आणि पुस्तिका भागीदारांकडेच राहावी.

कलम ८. माझी दुकानाची पाटी भागीदारांना. ती त्यांनी आपल्या पाटीच्या वर लावावी की खाली, हे मी त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडते. वाचा-उपचार बाई साक्षीदार असल्यामुळे त्यांना यातून काही देता येत नाही, असे वकीलबाई म्हणतात. म्हणून माझी हिरवी छत्री मी त्यांना कालच देऊन टाकली आहे.

कलम ९. येथवरचा मजकूर आज दुपारी वकीलबाईंनी सर्वांसमक्ष वाचून दाखवला. वाचून झाल्यावर त्यांनी वन्संना रीतीप्रमाणे विचारले, “यांच्या पश्चात घर तुमचं होणार, हे तुम्हाला समजलं ना?”

वन्संनी ओठ हलवले. आम्ही थांबलो. आता थांबायची आम्हा सगळ्यांना सवय झाली आहे.

“हिनं माझ्याआधी जायचं,” त्या म्हणाल्या, “हे ठरवलं कुणी?”

वाचा-उपचार बाईंनी माझे मनगट घट्ट धरले. भागीदार बोटांवर शब्द मोजत होते, सहा भरले. वकीलबाई म्हणाल्या, मुद्दा कायद्याने बरोबर आहे, तुमच्यात नऊ वर्षांचं अंतर आहे, तेव्हा उलट घडलं तर काय, तेही लिहायला हवं. इतके दिवस मी घराची, बँकेची, स्क्रूड्रायव्हरची सोय लावत होते. पण त्या उलट घडण्याचा विचार मी एकदाही केला नव्हता, किंवा तो टाळण्यासाठीच हे सगळे कागद काळे केले होते. तसे झाले तर सर्व मालमत्ता तंत्रशाळेला जावी, एवढे वकीलबाईंच्या सांगण्यावरून लिहिले आहे.

“मग आता काय करू, वन्सं?” मी विचारले.

त्यांनी डाव्या हाताने पेन माझ्याकडे सरकवले.

“सही कर,” त्या म्हणाल्या. “जाऊ नकोस.”

यांपैकी पहिला हुकूम मी खाली पाळत आहे. दुसऱ्याबाबत माझ्याकडून होईल तेवढे करीन.

लिहून देणार: (सही) संगणक-दुरुस्तीवाली, वन्संची भावजय

माझ्यासमोर सही झाली:
१. (सही) वाचा-उपचार करणाऱ्या बाई
२. (सही) वकीलबाई

अंमलबजावणी मान्य: (सही) भागीदार. सोबत शेरा, त्यांच्याच अक्षरात: ‘पाटी शेजारी-शेजारी लावीन.’

ठिकाण: आमच्या घरचे जेवणाचे टेबल
दिनांक: ४ मार्च २०२५, मंगळवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटे